पिंपातलं जवस, कॅम्पातलं लिनन

पहाटे ४.४५

बदलापूर पूर्वेला आमच्या इमारतीच्या गच्चीवर निळं पिंप आहे. घेतलं होतं पाणी साठवायला. सध्या त्यात जवसाच्या काड्या कुजतायत. आज पाचवा दिवस. झाकण उचललं की पहिल्या श्वासाला माणूस मागे सरतो. आंबलेलं ताक आणि तुंबलेलं गटार यांच्या मधला कुठला तरी तो वास. सोसायटीच्या सेक्रेटरींना मी "झाडांसाठी खत करतेय" असं सांगितलंय. अगदीच खोटं नाही, हे पाणी शेवटी कढीपत्त्यालाच जाणार आहे.

बॅटरीच्या उजेडात एक काडी काढते, मधोमध वाकवून मोडते. बरोबर कुजली असेल तर आतलं लाकूड तुटतं आणि बाहेरचा वाख सुटून धनुष्याच्या दोरीसारखा ताणून राहतो. माझी दोरी अर्ध्यावरच चिकटून बसलीय. म्हणजे अजून काही तास. किती, ते कोण सांगणार? जवसाच्या खोडात साल आणि लाकूड यांच्यामध्ये तंतूंच्या जुड्या असतात, पेक्टिन नावाच्या खळीने एकमेकींना चिकटलेल्या. पाण्यातले जिवाणू आधी ती खळ खातात. ती संपली की तंतूलाच तोंड लावतात. काढायला उशीर झाला तर धाग्याऐवजी लगदा. माझा पहिला घाणा असाच जवळजवळ वाया गेला. युरोपातल्या पुस्तकांत दिवस दिलेले आहेत, पण ते तिकडच्या गार पाण्याचे. मार्चमधलं, बदलापूरच्या गच्चीवर तापलेलं पाणी त्यांच्या हिशेबात नाही.

काड्या माझ्या भावाच्या धानाच्या बांधीतल्या. भंडारा जिल्ह्यात, पवनी तालुक्यात. धान कापणीला यायच्या आधीच उभ्या पिकात जवस फेकून देतात आणि जमिनीत उरलेल्या ओलीवर ते वाढतं. याला उतेरा म्हणतात. भावाने माझ्या हट्टापायी थोडं जवस पिवळं पडतानाच उपटलं. कापायचं नाही, उपटायचं, नाहीतर मुळाकडचा वाख जातो. फोनवर म्हणाला, "काऊन वो बाई, त्या काड्यायचं काय करतेस? गाय बी तोंड लावत नाही त्याले." पण पाठवल्या. दोन पेंढ्या, ओळखीच्या पोराबरोबर, विदर्भ एक्सप्रेसने कल्याणपर्यंत.

खाली उतरून सासूबाईंना बजावते, "पिंपाला हात लावू नका, मी संध्याकाळी बघते." त्या चहा गाळत होत्या. काही बोलल्या नाहीत. त्यांचं न बोलणं हे सहसा होकार नसतं.

सकाळी ६.१०

फलाटावर बायकांच्या डब्याची जागा ठरलेली. पोलीस ओरडतोय, "लाइन लावा, लाइन लावा." हा शब्द जवसातूनच आलाय. लॅटिनमध्ये जवस म्हणजे लिनम, जवसाचा ताणलेला दोरा म्हणजे लिनिया, त्यातून इंग्रजांची लाइन आणि तिथून आमचा फलाट. लिनियसने १७५३ साली या झाडाला जे शास्त्रीय नाव दिलं, लिनम युसिटाटिसिमम, त्याचा अर्थ 'अतिशय उपयोगाचं जवस'. दाण्यासाठी पेरलं की आपण त्याला जवस किंवा अळशी म्हणतो, धाग्यासाठी पेरलं की बाजार त्याला लिनन म्हणतो. झाड एकच. हे मी डब्यात कोणाला सांगत नाही. एकदा सांगितलं होतं, तेव्हापासून मला 'जवसबाई' म्हणतात.

पोटासाठी मी कापड तपासते. बावीस वर्षं एका प्रोसेस हाउसच्या प्रयोगशाळेत होते. ते बंद झालं. आता उल्हासनगरातल्या तीन-चार शर्टवाल्यांकडे रोजावर जाते. कापड आलं की बघायचं, धुवायचं, ओढायचं, जाळायचं, मग कात्रीला द्यायचं की परत पाठवायचं ते सांगायचं. आधी सगळं सुती आणि पॉलिस्टर असायचं. हल्ली चारातला एक लॉट लिननचा असतो. त्यातूनच हे पिंपाचं खूळ. रोज ज्याची परीक्षा घेते ते कापड आपल्या माहेरच्या काडीतून निघतं का, एवढंच बघायचं होतं.

सकाळी ७.००

अंबरनाथ. एमआयडीसीत एका छोट्या युनिटमध्ये काल नमुने टाकले होते. कापडावर पन्नास सेंटिमीटरचा चौकोन आखायचा, धुवायचं, वाळवायचं, परत मोजायचं. आज मोजला तर उभ्या बाजूने अठ्ठेचाळीसला टेकला. म्हणजे हा लॉट आधी धुवूनच कापायला हवा, नाहीतर गिऱ्हाइकाची बाही दुसऱ्या धुण्याला मनगटाच्या वर जाणार. वहीत लिहिलं आणि रिक्षा धरली.

रिक्षा वालधुनीच्या पुलावरून जाते. याच नदीच्या काठावर अंबरनाथचं शिवमंदिर आहे. शके ९८२चा, म्हणजे इ.स. १०६०चा शिलालेख, शिलाहार राजा मुम्मुणीचा काळ. पुढे ही नदी उल्हासनगरातून वाहत जाते. मी रोज बघत होते तेव्हा तिचा रंग तिथल्या कारखान्यांवर ठरायचा. जीन्स धुण्याचा धंदा जोरात होता तेव्हा निळी. मग तक्रारी, कोर्टाचे आदेश; बरीच युनिटं बंद झाली, काही दुसरीकडे सरकली.

कापड आणि नदी यांचं हे भांडण रसायनांच्या फार आधीचं आहे. जवस कुजवलेल्या पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीच्या काळात, १५४१ साली, वाहत्या नदीत जवस आणि भांग कुजवायला कायद्याने बंदी घातली गेली. बेल्जियममध्ये कोर्ट्राइक गावाजवळची लाइस नदी 'सोनेरी नदी' म्हणून मिरवायची. तिच्या पाण्यात कुजवलेल्या जवसाचा वाख जगात सर्वांत उजळ मानला जाई, आणि उन्हाळ्यात तिच्या काठी उभं राहवत नसे. तिथेही अखेर १९४३मध्ये नदीत जवस घालणं बंद झालं. त्यामुळे वालधुनीवरून जाताना मी इतरांसारखा नाकाला रुमाल लावत नाही. माझ्या गच्चीवर असलं पाणी पिंपभर आहे. फरक इतकाच की माझं कढीपत्ता पितो.

सकाळी ९.३०

उल्हासनगरात पत्ता सांगताना अजून बराक नंबर सांगतात. दुसऱ्या महायुद्धातली कल्याणची लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं या बराकींत उतरवली, आणि १९४९मध्ये छावणीचं उल्हासनगर झालं. बराकी बहुतेक गेल्या, नंबर राहिले, 'कॅम्प' हा शब्द राहिला. आमचा कारखाना तळमजल्यावर आहे: पुढे ऑफिस, मागे पंधरा मशिनं, माळ्यावर कापड. मालकांना सगळे 'दादा' म्हणतात, सिंध्यांत वडीलधाऱ्याला म्हणतात तसं. ते आले की दाल-पकवान येतं आणि मगच कापड खाली येतं.

आज सहा तागे. तपासायच्या टेबलाला तिरकी काच, खाली ट्यूबलाइट. एकाने ओढायचं, मी बघायचं. दोषाला गुण द्यायचे: तीन इंचांपर्यंत १, सहापर्यंत २, नऊपर्यंत ३, पुढे ४. सुती कापडाला हा हिशेब सरळ लागतो. लिननला लागत नाही. लिननच्या दोऱ्यात मधेच जाड गाठ येते, कारण जवसाचा वाख कितीही विंचरला तरी सारखा होत नाही. नियमाने बघितलं तर गाठ हा दोष. गिऱ्हाईक मात्र ती गाठ दिसते म्हणूनच जास्त पैसे मोजतं. मी माझ्यापुरता तोडगा काढलाय: विखुरलेल्या गाठी सोडायच्या, एका ओळीत आलेल्या धरायच्या. ओळीत आलेली गाठ मागावर झालेली असते, झाडाने केलेली नसते.

ताग्यावर लिहिलंय '६० ली'. ली हे लिनन सुताचं माप आहे: एका पौंडात ३०० वारांच्या किती लडी बसतात. साठ ली म्हणजे पौंडभर सूत १८,००० वार लांब. एवढं बारीक सूत निघायला काडी मुळापासून शेंड्यापर्यंत एकसंध, बिनफांद्यांची लागते. फ्रान्समध्ये नॉर्मंडीच्या बाजूला मार्च-एप्रिलमध्ये जवस इतकं दाट पेरतात की झाडाला फांदी फुटायला जागाच राहत नाही. उजेडासाठी सरळ वर जातं, मीटरभर उंच होतं आणि शंभर दिवसांत तयार. मग उपटून शेतातच आडवं पसरतात आणि काही आठवडे दव, पाऊस आणि बुरशी यांच्यावर सोडून देतात. मधे यंत्राने उलटतात. पिंप नाही, नदी नाही. जगातला लांब धाग्याचा बहुतेक वाख तिथे आणि शेजारच्या बेल्जियम-नेदरलँड्समध्ये पिकतो, आणि त्यातला बराचसा कातायला चीनला आणि आपल्याकडे येतो. आपल्याकडे म्हणजे मुख्यतः हुगळीकाठी रिश्र्याला, जयश्री टेक्सटाइल्समध्ये. 'लिनन क्लब' हा छाप त्यांचाच. तिथून कापड कॅम्पात.

आणि माझ्या भावाची काडी? तिला फांद्या आहेत. गुडघ्याच्या थोडं वर येते. फांदी जास्त तर बोंडं जास्त, बोंडं जास्त तर दाणा जास्त. त्याला तेच हवंय.

सकाळी ११.१५

चौथा तागा हातात घेतल्याबरोबर शंका आली. गाठी आहेत, रंग आहे, पट्टीवर 'प्युअर लिनन' आहे; पण कापड थंड लागत नाही आणि चुरगाळलं तर सुरकुती लाजल्यासारखी पडते. किंमतही अशी की दादांचा चेहरा खुललेला.

दोरा काढून जाळला. कागदासारखा जळला, मऊ राखाडी राख. पोऱ्या म्हणाला, "मॅडम, ओके?" ओके काय! कापूस, लिनन आणि रेयॉन, तिन्ही शेवटी सेल्युलोजच, तिन्ही कागदासारखेच जळतात. जाळून फक्त पॉलिस्टर पकडता येतं, त्याचा वितळून मणी होतो. रेयॉन पकडायचं तर दोरा मधोमध जिभेने ओला करायचा आणि दोन्ही हातांनी ओढायचा. रेयॉन ओलं झालं की निम्मी ताकद घालवतं, हमखास ओल्या जागीच तुटतं. लिनन ओलं झालं की उलट घट्ट होतं. या ताग्याचा दोरा ओल्या जागी तुटला. पुन्हा केलं, पुन्हा तिथेच. आडव्या दोऱ्यात रेयॉन होतं.

दादांनी पुरवठादाराला फोन लावला. सिंधी मला अर्धंच कळतं, पण त्या वेळी पुरेसं कळलं. जवळच शहाडला सेंच्युरी रेयॉनचा कारखाना पन्नासच्या दशकापासून आहे. लाकडाच्या लगद्यापासून रेयॉनचं सूत काढणारा. रेयॉन वाईट नाही. रेयॉनला लिनन म्हणणं वाईट.

दादांचं घराणं लाडकाण्याच्या बाजूचं. त्यांना शांत करायला मी त्यांना आवडणारी गोष्ट काढते. लाडकाण्याजवळच मोहेंजोदडो. तिथे एका चांदीच्या भांड्याला चिकटलेला कापडाचा तुकडा सापडला. तो कापूस की जवस, यावर वाद होणारच होता, कारण त्या काळी जुनं कापड म्हटलं की लोकांना इजिप्त आणि लिननच आठवायचं. तुकडा तपासला गेला मुंबईत, माटुंग्याच्या कापूस प्रयोगशाळेत. टर्नर आणि गुलाटी या दोघांनी १९२८मध्ये त्यावर टिपण छापलं: कापूस. सूक्ष्मदर्शकाखाली कापसाचा तंतू पिळलेल्या फितीसारखा दिसतो, जवसाचा वेळूसारखा, पेरापेरांचा. त्यात घोटाळा होत नाही. दादा दरवेळी तेच म्हणतात, "देखो, हमसे पहले हमारा कपड़ा बंबई पहुँच गया था." आणि तागा परत जातो.

(ग्रीक भाषेत तलम लिननला 'सिंदोन' म्हणत. हा शब्द सिंधूवरून आला असं काही अभ्यासक मानतात, काही मानत नाहीत. दादांना मी फक्त पहिली बाजू सांगितलीय.)

दुपारी १.३०

डबा. ज्वारीची भाकरी, वांगं आणि जवसाची चटणी. कारखान्यात शिवणाऱ्या बायका बहुतेक इकडच्याच, पहिल्यांदा चटणी बघून एकीने विचारलं होतं, "ही कशाची?" ज्याचा तुम्ही शर्ट शिवताय त्याची, म्हटलं. तिला वाटलं मी थट्टा करतेय.

विदर्भात जवस भाजून कुटतात, तेल गाळतात, भाजीला ते तेल घालतात. कच्चं तेल लावलं की क्रिकेटची बॅट फुटत नाही. माझ्या पोराने चटणीच्या बाटलीशेजारी स्वयंपाकघरात ते आणून ठेवलंय. हवेत सुकून कडक पापुद्रा धरणं हा या तेलाचा गुण. याच गुणामुळे ते रंगात, लांबीत आणि १८६०च्या दशकात निघालेल्या लिनोलियमच्या फरशीत गेलं. १८६७ला रेल्वे नागपूरला पोहोचली आणि जवसाचा दाणा पोत्यांनी मुंबईच्या बंदरातून युरोपकडे निघाला. काडी मागे राहिली.

इंग्रजांना काडीही हवी होती. क्रिमियाच्या युद्धात रशियाकडून येणारं जवस आणि भांग थांबायची वेळ आली, त्या गडबडीत १८५५मध्ये फोर्ब्स रॉयलने हिंदुस्थानातल्या तंतुवनस्पतींवर जाडजूड ग्रंथ छापला. वाख काढायचे प्रयोग झाले, पंजाबात, बंगालात. टिकले नाहीत. याचं खापर कोणी 'नेटिव्ह' शेतकऱ्याच्या आळशीपणावर फोडलं असेल तर मला नवल वाटणार नाही. (अळशी पिकवणारे आळशी, हा विनोद मीच करून घेते.) पण माझ्या आजोबांच्या जागी उभं राहून बघा. जवस रब्बीचं, धानाच्या उरलेल्या ओलीवर जगणारं. दाट पेरलं तर ओल पुरत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी, तेव्हा ना दव ना पाऊस, मग शेतात कुजणार कसं? तळ्यातलं पाणी तोवर गुरांना राखून ठेवायचं. दोरीला अंबाडी आहे, ताग आहे, दोन्ही पावसाळ्यात वाढतात आणि पावसाच्याच पाण्यात कुजतात. अंगावर घालायला कापूस आहे, तो नुसता वेचायचा, कुजवणं नाही, झोडणं नाही. एवढं सगळं हाताशी असताना जवसाची काडी चुलीत घालणारा माणूस अडाणी नव्हता, हिशेबी होता.

नागपूरच्या कृषी महाविद्यालयात जवसावर संशोधन चालतं, दाणा आणि धागा दोन्ही देणारे वाणही देशात निघालेत. चांगलंच आहे. पण वाणाने काडी उंच होईल, मार्चमध्ये दव पडणार नाही.

तरी एक गोष्ट मला सोडत नाही. पुणे जिल्ह्यात घोडनदीच्या काठी चांडोली. डेक्कन कॉलेजने तिथे उत्खनन केलं, देव आणि अन्सारी यांचा अहवाल १९६५मध्ये निघाला. तीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत तांब्याचे मणी सापडले आणि मण्यांत ओवलेला दोरा शिल्लक होता. तांब्याच्या क्षारांनी तो राखला. दोरा जवसाचा होता. म्हणजे आपल्याच मुलखात कोणीतरी एकदा काडी कुजवली होती, झोडली होती, कातली होती. पुढे संस्कृतात जवसाला उमा आणि क्षुमा म्हणतात, कापडाला क्षौम. पाणिनीला उमा माहीत आहे, बौद्ध भिक्षूंच्या परवानगीच्या सहा वस्त्रांत 'खोम' आहे, रामायणात कौसल्या क्षौम नेसून होमाला बसते. इजिप्तचे पुजारीही देवळात फक्त लिनन घालत. नंतर आपल्याकडे क्षौम म्हणजे जवस की रेशीम, यावर टीकाकारच गोंधळले. वस्तू हातातून गेली की शब्दाचं असंच होतं. आज सोवळं म्हटलं की रेशमी कद. जवसाचं वस्त्र कुठे गेलं ते विचारायलाही कोणी नाही.

भाकरीचा शेवटचा तुकडा तोंडात असताना फोन. सासूबाई. "काड्या काढल्यात बाहेर."

"कोणी?"

"मी. वास फिरला. आता आंबटाचा गोडसर झाला होता. अजून ठेवल्या असत्यास तर हाताला नुसता बुळबुळाट आला असता."

मी काही बोलायच्या आत त्यांनी सांगितलं की मुरबाडकडे त्यांच्या वडिलांकडे अंबाडी डोहात दगडाखाली दाबून ठेवत, आणि डोहावर जाऊन वास घेणं हे त्यांचं, म्हणजे दहा वर्षांच्या पोरीचं, काम होतं. लग्नाला चोवीस वर्षं झाली, हे मला आज कळतंय. पाच दिवस मी त्यांच्यासमोर पुस्तकं उघडून बसले होते.

दुपारी ३.००

पास झालेले पाच तागे उलगडून ठेवले. लिनन गुंडाळीतून काढून लगेच कापायचं नसतं, रात्रभर सैल पडू द्यायचं. कटिंग मास्तरांना ते पटतं, दादांना पटत नाही. रोजचा वाद आहे. कालच्या लॉटचे शर्ट इस्त्रीला आलेत. लिननला इस्त्री ओलसर असतानाच, कडक. कापसापेक्षा ते जास्त दमट हवा ओढून धरतं, म्हणून अंगाला गार लागतं. आणि ताणलं तर फार थोडं लांबतं, म्हणून मोडलं की मोडलेलंच राहतं. सुरकुतीची तक्रार घेऊन येणाऱ्याला मी लंडनच्या पेट्री संग्रहालयातला सदरा सांगते. इजिप्तमध्ये तारखान इथे १९१३मध्ये चिंध्यांच्या गाठोड्यात सापडला, गाठोडं १९७७पर्यंत कोणी उलगडलंच नाही. वय पाच हजार वर्षांच्या वर. खांद्याच्या, बाहीच्या चुण्या अजून जागेवर आहेत आणि कोपरात, काखेत घालणाऱ्याच्या सुरकुत्या आहेत. त्यावरूनच कळलं की तो कोणीतरी खरोखर वापरला होता. शर्टाची सुरकुती पाच हजार वर्षं टिकली, तुमची दादरपर्यंत टिकली तर बिघडलं कुठे?

ओल आणि ऊब, या दोन गोष्टींवर हा सगळा धंदा उभा आहे. कापूस यंत्रावर कातला जाऊ लागला तरी जवस यंत्राला दाद देईना. इंग्रजी सुती मालाची कोंडी केलेल्या नेपोलियनने १८१०मध्ये जवस कातणाऱ्या यंत्राला दहा लाख फ्रँकचं बक्षीस जाहीर केलं. फिलिप द जिरार्डने काही महिन्यांतच युक्ती काढली: वाख आधी पाण्यात भिजवून मऊ करायचा, खळ सैल झाली की तंतू एकमेकांवरून घसरतात आणि बारीक सूत निघतं. बक्षीस मिळालं नाही, नेपोलियन पडला, जिरार्ड कर्जबाजारी झाला आणि पोलंडला गेला. तिथल्या लिननच्या कारखान्याभोवती वसलेल्या गावाला त्याचं नाव पडलं, झिरार्डूफ. इंग्लंडात जेम्स केने १८२५मध्ये ओलं कातणं पक्कं केलं, आणि बेलफास्टचा सुकाळ सुरू झाला. आजही बारीक लिनन गरम पाण्याच्या हौदातून ओढून काततात. त्याआधी शतकानुशतकं बायका बोट जिभेला लावूनच कातायच्या.

चार वाजता बटणाची तक्रार. परत आलेल्या तीन शर्टांची बटणं निखळली होती. कापडाचा दोष नाही, दोऱ्याचा. लिहून घेतलं.

संध्याकाळी ५.५०

उल्हासनगरहून बदलापूरची गाडी म्हणजे मुंबईहून भरूनच आलेली. दारात एक पाय. पुढे काही नाही सांगण्यासारखं.

रात्री ८.१५

गच्चीवर काड्या पसरलेल्या, कठड्याला टेकवून, मुळं खाली, एकसारख्या. मी इतक्या नीट लावल्या नसत्या. एक मोडून बघितली: आतलं लाकूड कटकन तुटलं आणि वाख पूर्ण सुटून ताठ राहिला. धनुष्याची दोरी. सासूबाई मागे उभ्या. मी म्हटलं, "बरोबर काढल्यात." त्या म्हणाल्या, "मग?"

या काड्या वाळायला दोन-तीन दिवस जातील. आज हाताशी आहे तो मागच्या आठवड्यातला, जास्त कुजलेला घाणा. तो जुनी चादर अंथरून घेतला. मुठीत धरायचा, पाटावर ठेवून कपड्यांच्या धोपटण्याने बडवायचा, मग झटकायचा. लाकडाचे बारीक तुकडे चिपाडासारखे गळतात. मग सुरीच्या पाठीने घासायचा, मग विंचरायचा. विंचरायला खास लोखंडी फण्या लागतात. माझ्याकडे कुत्र्याचे केस विंचरायची फणी आहे, दुकानदाराने कुत्र्याची जात विचारली होती. फणीत अडकून निघतं ते आखूड, गुंतलेलं. हातात उरतं ते लांब. हातात उरलं ते पोराच्या शेंडीएवढं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दहा ग्रॅमही भरेना. पण रंग! उसाच्या रसात राख कालवल्यासारखा, आणि दिव्याखाली चमकतो.

रात्री १०.००

टकळी सासूबाईंची, शाळेत असतानाची. कापसाचा पेळू ओढायची त्यांच्या बोटांना सवय, जवस वेगळं वागतं. तंतू लांब, हट्टी, कोरडा धरला तर केसासारखा ताठ सुटतो. मी वाटीत पाणी ठेवलं. त्यांनी वाटीकडे बघितलं आणि बोट जिभेला लावलं.

दोन हात दोरा निघाला. कुठे जाड, कुठे बारीक, तीन ठिकाणी जोड. मी माझं भिंग काढलं आणि आजच्या साठ लीच्या नमुन्याशेजारी धरलं. शेजारी ठेवायला नको होतं.

"लय जाड झाला," सासूबाई म्हणाल्या. दोरा दोन बोटांत ओला करून त्यांनी ताणला, परत ताणला. तुटला नाही. मग त्यांनी खुर्चीवरचा नातवाचा क्रिकेटचा शर्ट ओढला, त्याचं वरचं बटण गेले पंधरा दिवस लोंबत होतं. सुईच्या नेढ्यात दोरा काही जाईना. पोती शिवायची मोठी सुई शोधली, त्यात गेला. चार टाके, दोन वेढे, दातांनी तोडायला गेल्या तर दातांनी तुटेना, कात्री मागितली.

"घालू दे उद्या," त्या म्हणाल्या. "बघू, धुण्यात टिकतं का."